वाढत्या अंगाची टाकी

मराठी मध्यमवर्गाची खरेदी करण्याची एक रीत आहे. मुलाचा गणवेश घ्यायचा तो वाढत्या अंगाचा, पातेले घ्यायचे ते ‘चार माणसे आली-गेली तर’ म्हणून एक नंबर मोठे, आणि कपाट घ्यायचे ते पुढच्या पिढीच्या संसारालाही पुरेल असे. या रीतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. तुटपुंज्या मिळकतीत एकच वस्तू दोनदा घेणे परवडत नाही, हे ज्यांनी अनुभवले त्यांचे ते शहाणपण आहे. गणवेशाच्या बाह्या दुमडता येतात, मोठ्या पातेल्यात थोडा भात शिजवता येतो. पण हेच शहाणपण आपण जिना चढून गच्चीवर नेतो आणि सौर बंबाच्या टाकीला लावतो, तेव्हा ते आपल्यावर उलटते. टाकीच्या बाह्या दुमडता येत नाहीत.

‘आम्ही चौघेच आहोत, पण २०० लिटरची घेतली, असू द्यावी’, असे समाधानाने सांगणारे गृहस्थ मला पुष्कळ भेटतात. विकणाऱ्याला मोठी टाकी विकायची असते, घेणाऱ्याला मोठी टाकी घ्यायची असते, त्यामुळे या व्यवहारात कोणाचेच कोणाशी भांडण होत नाही. माझे म्हणणे एवढेच, की टाकीचे माप हा केवळ सोयीचा आणि पैशांचा प्रश्न नाही, तो घरातल्या माणसांच्या प्रकृतीचाही प्रश्न आहे. गरम पाणी पुरेल का, हे सगळेच विचारतात. ते पाणी पुरेसे गरम राहील का, आणि राहिले नाही तर काय होते, हे क्वचितच कोणी विचारतो.

आपल्या जुन्या घरांत हा प्रश्न नव्हता, कारण गरम पाणी साठवून ठेवण्याची पद्धतच नव्हती. परसातला तांब्याचा बंब पहाटे पेटायचा, घंगाळात कढत पाणी यायचे, त्यात विसण घालून एकेकाची आंघोळ उरकायची आणि नऊ-दहा वाजेपर्यंत बंब गार व्हायचा. पाणी त्या दिवशी तापले आणि त्याच दिवशी संपले. पुढे विजेचा गिझर आला, तरी त्याचे बटण आंघोळीआधी दाबायचे आणि नंतर आठवणीने बंद करायचे, ही शिस्त आईने किंवा आजीने घालून दिलेली असे. गरम पाणी दिवस-रात्र टाकीत साठवलेले असणे, ही आपल्या घरांत सौर बंबाबरोबर आलेली गोष्ट आहे.

हा बंब तसा नवा नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात क्लॅरेन्स केम्प या गृहस्थांनी १८९१ मध्ये उन्हावर पाणी तापवणाऱ्या पेटीचे पेटंट घेतले. त्या पेटीतच पाणी तापे आणि रात्र पडली की तिथेच गार होई. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापवण्याची जागा आणि साठवण्याची जागा वेगळी केली आणि टाकीला उष्णतारोधक वेष्टण घातले. दुपारचे ऊन दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत राखून ठेवण्याची युक्ती ती हीच. आज आपल्या गच्चीवर जे असते ते या कल्पनेचेच वंशज. इस्रायलने १९८० मध्ये नव्या घरांवर असे बंब बसवणे कायद्याने आवश्यक केले. आपल्याकडेही अनेक महापालिकांनी नव्या इमारतींसाठी तसे नियम केले. हे सगळे चांगलेच झाले. मी सौर बंबाचा पक्षपाती आहे आणि खालचे सारे विवेचन त्याच्या बाजूनेच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आता थोडा हिशेब. रविवारच्या सकाळी आकडे नकोसे वाटतात याची कल्पना आहे. पण हे आकडे वाण्याच्या यादीपेक्षा अवघड नाहीत. पाणी तापवते ते पॅनेल. टाकी फक्त साठवते. आपल्याकडचा रूढ हिशेब असा, की १०० लिटर पाण्याला सुमारे २ चौरस मीटर पॅनेल लागते. थंडीत गच्चीवरच्या टाकीतले पाणी सुमारे २० अंश सेल्सिअसवर असते. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण साडेचार ते पावणेपाच युनिट विजेइतकी उष्णता लागते. महाराष्ट्रात निरभ्र दिवशी एका चौरस मीटरवर साधारण पाच युनिटांइतके ऊन पडते, म्हणजे दोन चौरस मीटरवर दहा. त्यातले निम्मे पाण्यापर्यंत पोचले तरी काम भागते. गणित बरोबर जुळते.

आता त्याच पॅनेलला १०० ऐवजी २०० लिटरची टाकी जोडा. ऊन तेवढेच, पाणी दुप्पट. मग पाणी ६० अंशांवर जात नाही, ते ४०-४२ अंशांवर रेंगाळते. हाताला ते छान ऊन-ऊन लागते आणि टाकी भरलेली आहे म्हणून मनालाही बरे वाटते. पण त्यात विसण घालायला वाव नसल्यामुळे ते पुरतही नाही. म्हणजे मोठी टाकी घेऊन गरम पाणी वाढले नाहीच, फक्त पातळ झाले. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी ओतावे, तसे.

दुसरी शक्यता अशी, की टाकी मोठी आणि पॅनेलही मोठे, सगळे हिशेबाप्रमाणे. पण वापरणारी माणसे कमी. हे चित्र आता घरोघर आहे. बंब बसवला तेव्हा घरात सहा माणसे होती. आज मुलगा बंगळूरला, मुलगी परदेशी, आणि घरात दोन ज्येष्ठ. ३०० लिटरच्या टाकीतले रोज ४० लिटर पाणी वापरले जाते. एप्रिल-मे महिन्यात ही टाकी उकळते, वाफा सोडते. आणि आषाढ-श्रावणात, ऊन नसले की, तेच पाणी दिवसामागून दिवस कोमट पडून राहते.

मग माप ठरवायचे कसे? माझ्या मते माणसे मोजण्याआधी घरातली आंघोळ कशी होते ते पाहावे. आंघोळीला सोसते ते पाणी सुमारे ४० अंशांचे. ६० अंशांचे एक भाग आणि २० अंशांचे एक भाग मिसळले की ४० अंशांचे दोन भाग होतात. बादलीने आंघोळ करणारा माणूस ३० ते ४० लिटर पाणी वापरतो, म्हणजे टाकीतले १५ ते २० लिटर. अशी चार माणसे असली तर ६० ते ८० लिटर. भांडी आणि किरकोळ वापर धरला तरी १०० लिटर पुष्कळ होतात. पण शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडत असेल आणि त्याखाली दहा मिनिटे उभे राहायची सवय असेल, तर एकालाच ८० लिटर लागतात, म्हणजे टाकीतले ४०. अशा चौघांना १६० लिटर हवेत आणि तिथे २०० लिटरची टाकी योग्य ठरते. चौघांचेच कुटुंब, पण एका घराला १०० आणि दुसऱ्याला २००. फरक माणसांच्या संख्येचा नाही, सवयीचा आहे. दिवाळीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी मात्र टाकी घेऊ नये. नरकचतुर्दशीची पहाट वर्षातून एकदा येते. त्या दिवशी चुलीवर किंवा गॅसवर एक पातेले चढवावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कोमट पाणी साठून राहिले तर बिघडते कुठे? १९७६ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन एका मोठ्या हॉटेलात भरले होते. त्यानंतर न्यूमोनियासारख्या आजाराची साथ पसरली. २२१ माणसे आजारी पडली, ३४ दगावली. कित्येक महिने कारण सापडत नव्हते. १९७७ च्या आरंभी शास्त्रज्ञांना एक जंतू सापडला, आणि त्या संघटनेवरूनच त्याचे नाव पडले लिजिओनेला. तिथे संशय हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेवर होता. पण पुढे हाच जंतू इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या गरम पाण्याच्या टाक्यांत, नळांत आणि शॉवरच्या जाळीतही सापडू लागला.

हा जंतू मुळात नदी-तळ्यांत, मातीत असतोच. तिथे तो थोडा असतो आणि फारसा उपद्रव देत नाही. पण २५ ते ४५ अंशांचे साठलेले पाणी आणि टाकीच्या तळाशी गाळ मिळाला, की तो वाढतो. ६० अंशांना यातले नव्वद टक्के जंतू साधारण दोन मिनिटांत मरतात. ५० अंशांना तेवढ्याच कामाला दीड-दोन तास लागतात. ४० अंशांना ते मरत नाहीत, उलट सुखाने नांदतात. पाण्यातून उडणारे बारीक तुषार श्वासाबरोबर फुप्फुसात गेले की आजार होतो. माणसाकडून माणसाला तो सहसा लागत नाही. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. पण वयस्कर माणसे, धूम्रपान करणारे, दमेकरी, मधुमेही, ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली आहे असे रुग्ण, यांना तो जिवावर बेतू शकतो. म्हणजे ज्या घरात मोठी टाकी आणि दोनच ज्येष्ठ माणसे उरली आहेत, नेमके तेच घर.

यावर एक हमखास उत्तर मिळते: ‘आम्ही वर्षानुवर्षे याच पाण्याने आंघोळ करतो, आम्हांला काही झाले नाही.’ हे खरे आहे, आणि मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. बादली-तांब्याच्या आंघोळीत तुषार कमी उडतात, ही आपल्या सवयीची जमेची बाजूच आहे. पण आपल्याकडे न्यूमोनिया झालेल्या प्रत्येकाची या जंतूसाठी तपासणी होत नाही, हेही तितकेच खरे. आणि बादल्या जाऊन शॉवर येत आहेत. ज्या धोक्याची नोंदच होत नाही, तो नाही असे धरून चालणे सोपे असते. शिवाय उपाय महाग असता तर वाद घालण्यात अर्थ होता. तसाही तो नाही.

उपाय असा, की टाकीतले सगळे पाणी, वरचे आणि तळाचेही, निदान आठवड्यातून एकदा ६० अंशांवर जाऊन काही वेळ तिथे राहिले पाहिजे. ऑक्टोबर ते मे हे काम ऊन फुकट करते, पॅनेल आणि टाकी यांचे प्रमाण बरोबर असेल तर. प्रश्न पावसाळ्याचा. १०० लिटर पाणी ४० अंशांवरून ६० वर न्यायला सव्वादोन-अडीच युनिट वीज लागते. जून ते सप्टेंबर या सोळा-सतरा आठवड्यांत आठवड्यातून एकदा हे केले, तर सगळ्या पावसाळ्याचे मिळून चाळीसएक युनिट होतात. वर्षभरात बंब वाचवतो त्या हजार-बाराशे युनिटांपुढे हे काहीच नाही. फक्त विजेची कांडी टाकीत कोणत्या उंचीवर आहे ते विचारून घ्यावे. ती मध्यावर असेल तर तिच्या वरचे पाणी तापते आणि तळाचे तसेच राहते. आणि कांडी रात्रभर चालू ठेवू नये. सकाळी ऊन येईल तेव्हा त्याला करण्यासारखे काही उरत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. ६० अंशांचे पाणी जंतूंना मारते, तसे ते माणसालाही भाजते. प्रौढ माणसाची कातडी अशा पाण्याने पाच-सहा सेकंदांत खोल भाजते. लहान मुलाची त्याहूनही लवकर. मे महिन्यात सौर टाकीतले पाणी ८० अंशांच्या वर गेलेले असू शकते. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाला पाणी किती कढत आहे हे पायावर ओतूनही कळत नाही. म्हणून टाकीत पाणी गरम हवे आणि अंगावर येताना ते ऊन हवे. हा बदल नळापाशी व्हावा, टाकीत नव्हे. यासाठी गरम-गार पाणी आपोआप ठराविक तापमानाला मिसळणारा व्हॉल्व्ह मिळतो; घरात लहान मूल किंवा वृद्ध असेल तर तो खर्च करावा. तो नसेल तर निदान एक जुनी सवय उलटी करावी. आपण आधी कढत पाणी काढतो आणि मग त्यात विसण घालतो. तसे न करता बादलीत आधी गार पाणी घ्यावे आणि मग गरम सोडावे. मधल्या क्षणी रांगते मूल बादलीपाशी पोचले तरी अनर्थ होत नाही.

आणखी एक सवय मोडायला हवी. गॅस वाचावा म्हणून सौर बंबाचे पाणी चहाला, भाताला किंवा वरणाला घेणाऱ्या गृहिणी मी पाहिल्या आहेत. त्यांच्या काटकसरीबद्दल आदर ठेवून सांगतो, हे पाणी पिण्या-शिजवण्याचे नाही. गरम पाण्यात टाकीचे, नळांचे आणि जोडांचे धातू अधिक विरघळतात, तळाचा गाळ येतो आणि पालिकेने घातलेला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो. उकळल्याने जंतू मरतील, पण धातू जात नाहीत. स्वयंपाकाला थंड नळाचेच पाणी घ्यावे.

देखभालीची यादी लांबलचक नाही. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून गाळ काढावा. त्याच वेळी वरची गार पाण्याची टाकी घासून घ्यावी आणि तिचे झाकण घट्ट बसते का पाहावे. गरम टाकीत जाते ते पाणी तिथूनच येते, आणि उघड्या टाकीत डेंग्यूचे डास वाढतात ते वेगळेच. बोअरवेलचे जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतात आणि पाणी तापेनासे होते, तेव्हा त्या साफ करून घ्याव्यात. काचेच्या नळ्यांचा बंब भर उन्हात कोरडा पडला असेल, तर त्यात लगेच गार पाणी सोडू नये, नळ्या तडकतात, संध्याकाळपर्यंत थांबावे. शॉवरची जाळी काढून अधूनमधून घासावी. गावाहून आठ-पंधरा दिवसांनी परत आल्यावर थेट शॉवरखाली उभे राहू नये. खिडकी उघडून गरम पाण्याचा नळ, तुषार न उडवता, थोडा वेळ वाहू द्यावा.

फ्लॅट-संस्कृतीत हे सारे अधिक अवघड होते, कारण टाकी सगळ्यांची असते, म्हणजे कोणाचीच नसते. एक इंची पाइपच्या एका मीटरमध्ये जवळपास अर्धा लिटर पाणी मावते. गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत ३० मीटर पाइप असेल, तर १५ लिटर गार पाणी वाहून गेल्याशिवाय गरम पाणी येत नाही. वरच्या मजल्यावर सौर बंबाचे कौतुक आणि तळमजल्यावर त्याची निंदा होते, ती म्हणूनच. पाइपवर चांगले वेष्टण असले तर हे दुखणे कमी होते, आणि ते पहिले पाणी बादलीत धरून झाडांना किंवा फरशीला वापरता येते. पण मला अधिक खटकते ते वेगळेच. कित्येक इमारतींच्या गच्चीवर पॅनेलांवर धूळ आहे, पाइप तुटलेले आहेत, आणि प्रत्येक घरात विजेचा गिझर चालू आहे. नियमात बसावे म्हणून बंब बसला, बिल्डरला पूर्णत्वाचा दाखला मिळाला आणि विषय संपला. बंब आहे का, हे विचारणारा नियम आहे. पाणी तापते का, हे विचारणारा नाही.

मालमत्ता करात सौर बंबासाठी सवलत देणाऱ्या महापालिका आहेत. माझे मत असे, की ही सवलत टाकीच्या अस्तित्वाला नव्हे, तर तिच्या तापमानाला द्यावी. सोसायटीने गच्चीवर एक थर्मामीटर बसवावा, आठवड्याला एक आकडा वहीत लिहावा, आणि ती वही वार्षिक सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या भांडणाआधी पाच मिनिटे वाचावी. रखवालदाराला किंवा प्लंबरला जमेल असे हे काम आहे. त्यासाठी समिती नेमण्याची गरज नाही.

घरच्या बंबासाठी तर तेवढेही नको. सूर्यास्तानंतर, गरम पाणी वापरण्याआधी, नळ दोन मिनिटे सोडावा, स्टीलच्या पेल्यात पाणी धरावे आणि स्वयंपाकघरात वापरतात तसल्या थर्मामीटरने मोजावे. तापाचा थर्मामीटर चालणार नाही. तो ४२ अंशांच्या पुढे जात नाही. आकडा ६० च्या वर आला तर निश्चिंत असावे. निरभ्र दिवसांतही तो रोज ४५ च्या आतच राहत असेल, तर पॅनेल धुवावे, क्षार तपासावेत, आणि तरीही फरक पडला नाही तर टाकी आपल्या पॅनेलला मोठी झाली आहे असे समजावे. आणि घरातली माणसे कमी झाली असतील, तर पुढच्या वेळी टाकी बदलताना जुन्याच मापाची मागू नये. आज घरात कोण राहते, आणि ते आंघोळ कशी करतात, हे मोजून मग दुकानात जावे.